राणीसरकार आणि पेंढ्याचं घुबड

मी घुबड बोलतोय. तुमच्या छपरावर बसून तुमची झोप उडवणारं नव्हे. पेंढा भरलेलं, काचेच्या डोळ्यांचं, पायाखाली लाकडी ठोकळा असलेलं घुबड. माणसं रागावली की एकमेकांना 'घुबड' म्हणतात. तसा मी आहेच, आणि वर मत्सरीही आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यातला तिखटपणा तुम्हाला खटकणार नाही.

शिकारी पक्षी कुठे राहतात, काय खातात, किती लांब जातात, यावर जे संशोधन होतं, त्यात मी कितीतरी वर्षं राबलो. त्या संशोधनाचे जाड जाड अहवाल निघाले. गरुडांचे फोटो आले, ससाण्यांचे आले, एका अहवालात तर संशोधन करणाऱ्या बाईंच्या गाडीचा फोटो आला. माझा एकही नाही. आता बोला.

माझा पहिला जन्म अंड्यातून झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. उंदीर आठवतात, अंधार आठवतो, आणि रस्ता ओलांडताना अंगावर आलेले दोन मोठे दिवे. दुसरा जन्म झाला तो एका कारागिराच्या टेबलावर. मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणं हा त्याचा धंदा होता. त्याने माझं कातडं स्वच्छ केलं, वाळवलं, आत तारेचा सांगाडा घातला, कापूस आणि भुसा दाबून दाबून भरला आणि पोटावर टाके घातले. डोळे बसवायची वेळ आली तेव्हा नारिंगी डोळा एकच उरला होता. दुसरा त्याने पिवळट बसवला.

"अहो, डोळे वेगवेगळे दिसतायत," त्याची बायको म्हणाली.

"घुबडच आहे ते. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून कोण बघणार आहे?"

हे वाक्य मी जन्मभर विसरलो नाही.

तिथून मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. बरणीतला बेडूक एका बाजूला, सापाचा सांगाडा दुसऱ्या बाजूला, असा आमचा संसार होता. कपाटाची काच इतकी धुरकट, की मुलं आम्हाला बघण्यापेक्षा काचेत आपले केसच नीट करायची. मग एके दिवशी बाई आल्या. उन्हाने रापलेला चेहरा, पायात चिखलाचे बूट, गळ्यात दुर्बीण. त्यांनी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, मागून पुढून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी नेते. अगदी असंच हवं होतं."

मी हरखून गेलो. असंच हवं होतं! इतक्या सगळ्यांतून बाईंनी मला पसंत केलं होतं. बेडकाकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कशासाठी हवा होतो, ते नंतर कळलं.

गोष्ट अशी आहे. दिवसा घुबड दिसलं की शिकारी पक्ष्यांचं डोकं फिरतं. आम्ही रात्री त्यांची पिल्लं उचलतो, हा त्यांचा जुना राग. घरट्यात पिल्लू असलं की मग विचारूच नका. घार असो, ससाणा असो की गरुड, मागचापुढचा विचार न करता अंगावर येतात. बाईंनी याचाच फायदा घ्यायचं ठरवलं होतं. त्या मला घरट्याजवळच्या मोकळ्या जागी ठोकळ्यासकट उभा करायच्या. माझ्यापुढे दोन काठ्यांवर बारीक काळं जाळं ताणायच्या आणि स्वतः झुडपामागे लपायच्या. वरून येणाऱ्याला जाळं दिसत नाही, मी दिसतो. तो थेट जाळ्यात. कधी एखादा भलत्या बाजूने येतो आणि जाळ्याच्या आधी माझं टाळकं फोडतो, पण संशोधन म्हटलं की हे चालायचंच. निदान ज्याचं टाळकं नसतं तो तरी असंच म्हणतो.

मला मार खाण्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते पुढच्या सोहळ्याचं.

पक्षी जाळ्यात पडला की बाई धावत यायच्या त्या त्याच्याकडे. किती हळुवार हात! डोळ्यांवर मऊ कातड्याची टोपी घालायच्या, म्हणजे त्याला भीती वाटू नये. बाळंत्यात बाळ गुंडाळावं तसं कापडात गुंडाळायच्या. वजन करायच्या, पंख मापायच्या, पायात चकचकीत कडं घालायच्या. आणि सगळा वेळ तोंडाने चालूच, "हो गं हो. झालंच हं आता. शहाणी ती माझी. कित्ती सुंदर डोळे तुझे!"

आणि मी? मी तिथेच दोन हातांवर आडवा पडलेलो असायचो, नाकात माती, शेपटीची दोन पिसं कमी. सोहळा संपला की बाई मला उचलून, झटकून, डोकं खाली पाय वर असा पोत्यात घालायच्या. पोत्यात माझ्या सोबतीला खुंट्या आणि हातोडी असे. माझे डोळे कसे आहेत हे बाईंनी कधी नीट पाहिलंसुद्धा नाही.

अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बाईंचं घर लहान होतं. खाली बाईंच्या नवऱ्याचा दवाखाना, वर दोन खोल्या. नवरा दातांचा डॉक्टर. माझी जागा वरच्या जिन्याजवळ, छत्र्यांच्या शेजारी. तिथून जेवणाचं टेबल दिसायचं, आणि त्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं असायचं. शिकारी पक्षी न पचलेली हाडं आणि केस यांचा गोळा करून ओकून टाकतात. बाई हे गोळे घरट्याखालून वेचून आणायच्या, न्हाणीघरातल्या खिडकीत वाळवायच्या आणि मग चिमट्याने सोडवत बसायच्या. हा सरड्याचा जबडा, ही सशाची नखं, हे पाखराचं पीस. त्यावरून गरुडाने काय खाल्लं ते कळतं.

मला हसू यायचं. गोळे ओकण्यात आम्हा घुबडांचा हात कोण धरणार? आमच्या गोळ्यांत उंदराची अख्खी कवटी मिळते, दातांसकट. पण नाही. गरुडाने टाकलं की ते संशोधन, आणि आम्ही टाकलं की घाण!

या घरात माझ्यासारखा जळणारा आणखी एक जण होता, म्हणून मी तिथे तग धरला. ते म्हणजे डॉक्टर.

"मी काल दाढी काढली," एकदा ते जेवताना म्हणाले.

"हो का?" बाई चिमट्याने हाड उचलत म्हणाल्या.

"अठरा वर्षांची दाढी."

"हं. अहो, हे बघा ना, सरड्याच्या जबड्याची डावी बाजू. म्हणजे ती माळाच्या पलीकडे जाते शिकारीला!"

"कोण ती?"

"ती हो. कड्यावरची."

"अच्छा, राणीसरकार," डॉक्टर आमटी वाढून घेत म्हणाले. "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि तू एक दिवस नवऱ्यालाही दुर्बिणीतून बघ, जवळचं दिसत नाही तुला."

बाई हसल्या. पण दाढीशिवाय डॉक्टर कसे दिसतायत ते त्यांनी सांगितलं नाहीच. डॉक्टरांनी जिन्याजवळून जाताना माझ्या डोक्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "चल, आपण दोघं छत्र्यांशेजारी बसू."

राणीसरकार हे नाव तेव्हापासून पडलं. ती गरुडाची मादी होती. गावाबाहेरच्या उंच कड्यावर तिचं घरटं, खाली दरी, आणि पलीकडे लांबच लांब गवताचा माळ. बाई तीन हंगाम तिच्यासाठी झुरत होत्या. तिच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवायचा होता. काड्यापेटीएवढं ते यंत्र, पाठपिशवीसारखं पट्ट्यांनी बांधायचं. मग ती जाईल तिथून उपग्रहाला कळणार, आणि उपग्रह बाईंना कळवणार. माझ्यासाठी तीन हंगाम कुणी झुरलेलं मला आठवत नाही.

शेवटी एका सकाळी बाईंनी मला कड्याच्या माथ्यावर मांडला. घरट्यात पिल्लू होतं. मी उभा राहून तिची वाट पाहत होतो, मनात तिला शिव्या देत होतो.

ती आली ते आवाज न करता. आधी सावली, मग ती. पंख मिटलेले, पाय पुढे. आणि त्या एका क्षणात तिने माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत, एक नारिंगी आणि एक पिवळट, दोन्हींत. असं मला कुणीच कधी बघितलं नव्हतं. कारागिराने नाही, मुलांनी नाही, बाईंनी नाही. माणसांना माझ्यात पेंढा दिसायचा, बाकीच्या पक्ष्यांना नुसतं फोडायचं टाळकं. तिला माझ्यात घुबड दिसलं, जिवंत, उलट्या काळजाचं, तिचं पोर चोरायला आलेलं घुबड!

मग ती जाळ्यात अडकली, आणि पुढचा सोहळा सुरू झाला. या वेळी तर बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी तिच्या पाठीवर यंत्र ठेवलं, छातीवरून पट्टे घेतले, पट्ट्याखाली बोट सरकवून पाहिलं. बोट जेमतेम गेलं. "अगदी मापात," बाई म्हणाल्या आणि टाका घातला. राणीसरकार उडून गेल्या. मी पोत्यात गेलो.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. बाई सकाळी उठल्या की तोंड धुण्याआधी संगणक उघडायच्या. पडद्यावर नकाशा, नकाशावर तांबड्या रेघा. राणीसरकार काल इथून तिथे गेल्या. राणीसरकार आज नदीपाशी बसल्या. रेघांचा नुसता गुंता, पण बाई त्याच्याकडे अशा बघायच्या, जशा आया झोपलेल्या लेकराकडे बघतात. मी मात्र वर्षभरात जिन्यापासून छत्र्यांपर्यंतसुद्धा हललो नाही. माझी रेघ काढायची म्हटली तर ठिपकाच निघाला असता.

त्या रेघांनी एक मोठं काम केलं, ते मात्र मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. तो गवताचा माळ सरकारी कागदावर 'ओसाड' होता, आणि तिथे दाटीने झाडं लावायचं घाटत होतं. ऐकायला किती छान! बाई नकाशा घेऊन अधिकाऱ्यांपुढे गेल्या. गरुडाला झाडीत शिकार करता येत नाही, त्याला सरडे-ससे दिसायला मोकळं गवत लागतं, हे त्यांनी रेघांवरून दाखवलं. सगळ्या रेघा कड्यावरून निघून माळावरच जात होत्या. झाडांचा बेत दुसरीकडे हलवला. घरी पेढ्यांऐवजी डॉक्टरांनी केक आणला.

"राणीसरकारांनी माळ वाचवला!" बाई म्हणाल्या.

राणीसरकारांनी? आणि राणीसरकारांना पकडून कुणी दिलं? केकचा एक कण माझ्या दिशेने आला नाही. मला खाता येत नाही, ही वेगळी गोष्ट. विचारायची काही रीत असते.

मग पुढच्या हंगामात रेघा आखूड झाल्या.

आधी बाईंना वाटलं, घरट्यात पिल्लू आहे म्हणून ती लांब जात नसेल. पण रेघा आणखी आखडल्या. माळापर्यंत जाईनात, कड्याभोवतीच घुटमळू लागल्या. बाई आणि त्यांची विद्यार्थिनी दुर्बीण घेऊन दरीच्या अलीकडे जाऊन बसल्या. जाळं आणि मी गाडीत तयारच असायचो, म्हणून मलाही दिसलं. या विद्यार्थिनीला मी चष्मेवाली म्हणतो. हुशार पोरगी, पण तिचाही हिशेब पुढे येईलच.

"मॅडम, पट्टा," चष्मेवाली हळूच म्हणाली. "पट्टा सैल झालाय. डाव्या पंखाचा सांधा त्यात अडकतोय. तिला पंख पूर्ण उघडताच येत नाहीये."

बाई बराच वेळ दुर्बिणीतून डोळा काढेनात. काढला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"त्या दिवशी ती नुकतीच खाऊन आली होती," त्या म्हणाल्या. "गळ्याची पिशवी गच्च भरलेली होती तिची. छाती फुगलेली, आणि मी त्या फुगलेल्या छातीवर माप घेतलं. खाल्लेलं जिरलं तेव्हाच पट्टा ढिला पडला असणार. आता पिल्लाला भरवून भरवून ती आणखी वाळलीय. पोटभर जेवलेल्या माणसाच्या मापाने पँट शिवावी तसं केलं गं मी. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवते, आधी पिशवी चाचपून बघा म्हणून."

"नर आणतोय की खाणं."

"एकट्याच्या शिकारीवर तिघं नाही जगत. पिल्लाची छाती बघ, हाड दिसतंय. तिला धरून तो पट्टा काढायलाच हवा, नाहीतर दोघंही जातील."

खरं सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते, 'बरं झालं!' फार कौतुक झालं होतं. दुसरं आलं ते, आता माझ्यावाचून अडलं. आता बाईंना कळेल घुबडाची किंमत. मी पोत्यातल्या पोत्यात ताठ झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला कड्याच्या माथ्यावर उभा केला. बाईंनी माझ्या पिसांवरून हात फिरवला, तुटलेलं शेपूट दोऱ्याने सारखं केलं, आणि चक्क बोलल्या माझ्याशी. "आज तुझ्यावर आहे रे सगळं." जन्मात पहिल्यांदा! मी छाती काढून उभा राहिलो. ये म्हटलं, ये, मार मला.

ती आली. समोरच्या वठलेल्या झाडावर बसली. डावा पंख लोंबत होता. माझ्याकडे तिने पाहिलं. मग मान वळवली आणि चोचीने पोटाची पिसं साफ करू लागली.

तेवढंच. माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलंही नाही. तो सगळा दिवस गेला, पुढचाही गेला. तिला कळलं होतं. मागच्या वेळी घुबडावर झेप घेतली आणि जाळ्यात अडकले, हे तिने लक्षात ठेवलं होतं. हे घुबड हलत नाही, बोलत नाही, हे घुबड म्हणजे नुसतं सोंग. जगात एकटी तीच मला जिवंत समजत होती, आणि तिच्याही लेखी आता मी मेलो होतो.

आजवर मी तिच्यावर जळत होतो, कारण बाई तिच्या होत्या. त्या दिवशी मला उमगलं, की जे एकमेव खरंखुरं बघणं माझ्या वाट्याला आलं होतं, ते तिचंच होतं. आणि तेही गेलं.

आता चष्मेवालीचा हिशेब. तिसऱ्या दिवशी ती एक मोठं खोकं घेऊन आली. खोक्यात फोम, फोममध्ये मखमल, आणि मखमलीत ते महाशय. यंत्राचं घुबड! मान गोल फिरवणारं, पंख हलवणारं, पापण्या मिटणारं. दुसऱ्या एका संशोधन केंद्रातून मागून आणलं होतं. दोन्ही डोळे नारिंगी.

डॉक्टर दवाखान्यातून वर आले आणि बघतच राहिले. "याला चार्ज करावं लागतं?"

"हो. आणि दमट हवेत ठेवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही," चष्मेवाली म्हणाली.

"मग हे घुबड नाही, जावई आहे," डॉक्टर म्हणाले. "या जावईबापू. बसा. पंखा लावू का?"

सगळे हसले. जावईबापूंना टेबलावर जागा मिळाली. गोळे बाजूला सारून! रात्रभर त्यांना वायर लावून ठेवलं होतं, आणि मधूनच ते मान फिरवून माझ्याकडे बघायचे. नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हणत होतो. उद्या तुझीही फजिती होवो. ती तुझ्याकडे ढुंकूनही न बघो.

आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय मागतोय. तिने याच्याकडे पाहिलं नाही तर ती मरेल, तिचं पोर मरेल. पाहिलं तर ती याची झाली. या दोन्हींतलं मला काय हवं होतं? जिन्याजवळ उभं राहून मी खूप विचार केला, आणि लाज वाटते, पण मला उत्तर ठरवता आलं नाही.

सकाळी आम्ही सगळे कड्यावर गेलो. मला नेलं ते सवयीने, खुंट्यांच्या पोत्यातून. जावईबापूंना उंचशा दगडावर बसवलं, जाळं दुसऱ्या बाजूने लावलं, आणि माणसं झुडपामागे गेली. मी पोत्याच्या भोकातून एका डोळ्याने बघत होतो.

जावईबापूंनी मान फिरवली. पापण्या मिटल्या. पंख थोडे उचलले.

वठलेल्या झाडावर राणीसरकार ताठ झाल्या. गळ्याभोवतीची पिसं फुलली. असा आवाज निघाला, जो मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता, आणि लोंबणाऱ्या पंखाची पर्वा न करता तिने झेप घेतली. वेडीवाकडी, एका बाजूला कललेली, पण संतापाने भरलेली झेप. त्याच्यावर! माझ्यावर नाही, त्याच्यावर! सवत घरात आल्यावर काय वाटतं ते मला तेव्हा कळलं.

जाळं कोसळलं. बाई धावल्या.

उन्हं तापली होती. पक्ष्याला सावली हवी, खाली मऊ काहीतरी हवं. "ते पोतं दे," बाई ओरडल्या. चष्मेवालीने पोतं उलटं केलं, खुंट्या सांडल्या, हातोडी सांडली, मी सांडलो. माझ्यासाठी कुणाला वेळ नव्हता. मी एका खडकाला टेकून कसाबसा उभा राहिलो आणि तिथून सगळं पाहिलं.

बाईंनी पट्टा कापला. पंखाच्या सांध्याखाली पिसं झडली होती, कातडी लाल झाली होती. त्यांनी औषध लावलं, पंख अलगद उघडून मिटून पाहिला. हाड शाबूत होतं. या वेळी त्या 'शहाणी माझी' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "माफ कर गं."

"मॅडम, नवीन ट्रान्समीटर आणलाय मी," चष्मेवालीने बॅग उघडली. "या वेळी पिशवी रिकामी आहे तिची, माप बरोबर येईल."

"नको."

"पण दोन वर्षांच्या रेघा हव्यात म्हणाला होतात ना तुम्ही? नाहीतर अभ्यास अर्धाच राहील. पुन्हा ही सापडायची नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पक्ष्याकडे. "राहू दे अर्धा," त्या म्हणाल्या. "हिचं ओझं आता हिलाच ठरवू दे."

टोपी काढली, हात उघडले. राणीसरकार सुटल्या. दोन्ही पंख पूर्ण पसरून त्या दरीवरून गेल्या, आणि बाई गुडघ्यांवर बसून रडायला लागल्या. मी म्हटलं, चला, गेली. माझ्याकडे एकदाही न बघता गेली.

पण ती वळली.

दरीवरून एक मोठा वळसा घेऊन ती परत आली. जावईबापू तोवर मखमलीत निजलेले होते. उघड्या खडकावर एकटा मीच होतो, वाऱ्याने पिसं हलत होती, एक डोळा नारिंगी, एक पिवळट. तिने थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं. या वेळी मध्ये जाळं नव्हतं, काठ्या नव्हत्या, काहीच नव्हतं.

तो तडाखा मी शब्दांत सांगू शकत नाही. मानेतली तार तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. धड तिथेच राहिलं, आणि मी, म्हणजे माझं डोकं, तिच्या पंजात उंच उंच गेलो. खाली माणसं लहान झाली. पहिल्या जन्मानंतर मी पुन्हा कधी उडेन असं मला वाटलं नव्हतं.

आता मी तिच्या घरट्यात आहे.

हो, इथूनच बोलतोय. काटक्यांच्या ढिगावर, सशाच्या हाडांशेजारी. तिने मला पिल्लापुढे टाकलं तेव्हा त्याने दोन-चार वेळा चोच मारून पाहिलं, कापूस निघाला, तो थुंकून टाकला. मला वाटलं, इथेही उकिरडाच नशिबी. पण तसं झालं नाही. डाव्या पंखाची जखम भरत आली तशी ती पुन्हा माळावर जाऊ लागली, सरडे येऊ लागले, ससे येऊ लागले, पिल्लाच्या छातीवरचं हाड झाकलं गेलं.

दरीच्या पलीकडून रोज दुर्बीण लागते. पहिल्या दिवशी बाईंची किंकाळी दरीभर घुमत इथपर्यंत आली. "अहो, लवकर या! घरट्यात आपलं घुबड आहे!" डॉक्टर दवाखाना बंद करून आले होते, त्यांनीही डोळा लावला. बाई त्यांना हाताला धरून दाखवत होत्या, कुठे बघायचं ते. चष्मेवाली म्हणत होती, वर चढून डोकं काढून आणायला हवं, त्यात काही विषारी असलं तर? बाईंनी तिथूनच त्या कारागिराला फोन लावला. मीठ आणि तुरटीशिवाय काही वापरलेलं नाही, असं तो म्हणाला, आणि मी इथेच राहिलो. आता बाई रोज माझ्याकडे बघतात. तासन् तास. कबूल करतो, त्यांची दुर्बीण पिल्लाकडे वळली की अजूनही माझं पोट दुखतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रोज आई घरट्यावर उतरली, की पिल्लू काय करतं सांगू? दोन्ही पंख पसरून मला झाकून टाकतं. शिकारी पक्षी आपला घास असाच झाकतात, दुसऱ्याने घेऊ नये म्हणून. मान खाली घालून, सख्ख्या आईवर फिस्कारतं. माझं आहे, हात लावू नकोस! जन्मभर मी दुसऱ्यांवर जळलो, आणि आज कुणीतरी माझ्यावरून जळतंय. त्या उबदार पंखांखाली अंधारात मला रडू येत नाही, कारण डोळे काचेचे आहेत.

थोड्या दिवसांत ते उडेल. उडण्याआधी कधीतरी बाई त्याच्याही पायात कडं घालायला येतील. या. मापं घ्या, वजन करा, लाड करा, मी काही म्हणणार नाही. माझी एकच विनवणी आहे. माझ्यात कापूस आणि भुसा आहे, हे तेवढं त्याला कुणी सांगू नका.